निळे कोण, तांबडे कोण

काळ्यापांढऱ्या टीव्हीवर ती लढाई कळायचीच नाही. दोन्ही फौजा लोखंडाच्या, दोन्हींचे खांदे चौकोनी, दोन्हींच्या डोळ्यांतून उजेडाच्या रेघा सुटायच्या. कोण कुणाला मारतंय आणि कोण पडल्यावर टाळ्या वाजवायच्या, याचा पत्ता लागत नसे. गावातले मोठे बागाईतदार म्हणजे तात्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत लाकडी शटरचा टीव्ही होता. रविवारी सकाळी गावातली पोरं तिथं गोळा व्हायची आणि अर्ध्या तासानं आपापसांत भांडत घरी जायची, कारण निम्म्यांना वाटे हे जिंकले आणि निम्म्यांना वाटे ते. रंग दिसला असता तर भांडण जागीच मिटलं असतं. एक फौज निळी होती, दुसरी तांबडी. आणि टीव्हीत रंग दिसायचा तो अख्ख्या गावात एकाच घरी, ओढ्याच्या अलीकडं, बौद्धवस्तीत, आमच्या.

तो टीव्ही आमच्याकडं आला गोधडीत गुंडाळून, टेम्पोच्या हौद्यात, दादांच्या मांडीवर बसून. दादा म्हणजे माझे वडील. सुप्याच्या एका कारखान्यात ते लेथवर कामाला होते. रोज सायकलवरून जायचे-यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला कायम तेलाचा आणि कापलेल्या लोखंडाचा वास असायचा. तिथल्या एका साहेबांची बदली झाली. जाताना एवढं ओझं कुठं न्यायचं म्हणून त्यांनी आपला वापरलेला रंगीत टीव्ही दादांना दिला. दादा तसे सावध माणूस. गावातून चालताना खालमानेनं चालायचे, समोरून कुणी आलं तर सायकलवरून उतरायचे. पण त्या दिवशी त्यांनी टेम्पो मुद्दाम गावातून, पारावरून आणला. वस्तीकडं यायला तो रस्ता लांबचा होता. का आणला, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत भिंतीवर कोटातला फोटो, त्याच्याखाली पेटीवर आईनं विणलेला रुमाल आणि त्या रुमालावर टीव्ही. शेजारी स्टॅबिलायझर, तो दिवसभर भुंग्यासारखा गुणगुणायचा. अँटेना पत्र्यावर. वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या, मग दादा वर चढून पाइप फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं! आलं! गेलं! मागं, मागं! बास!" त्या 'बास' नंतर पाच मिनिटं सगळे श्वास धरून बसत, जणू मोठ्यानं बोललं तर चित्र बिथरेल. वीज असेल का, टिकेल का, हा प्रश्न तर रोजचाच. रविवारी सकाळी आई उठल्या उठल्या आधी बटण दाबून दिवा लागतो का ते बघायची आणि मगच चूल पेटवायची.

रविवारी आमच्याकडं हुलग्याच्या शेंगोळ्या असायच्या. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून आई घट्ट गोळा मळायची आणि दोन्ही तळव्यांत त्याच्या वाती वळायची. झरझर वळायची ती, हाताकडं बघायचीसुद्धा नाही. उकळत्या पाण्यात त्या पडल्या की लसणाचा असा घमघमाट सुटायचा की पुढच्या दारी येणाऱ्याला चुलीवर काय आहे ते सांगावं लागत नसे. चूल आतल्या खोलीत, टीव्ही बाहेरच्या. त्यामुळे आईला टीव्ही दिसायचाच नाही, फक्त ऐकू यायचा. आणि ऐकू यायचं ते इंग्रजी.

माझं बोलणं सुरू झालं ते यातून. मी पाचवीत होते. त्या काळी आम्हाला इंग्रजी पाचवीपासून असायचं. ए ते झेड, आंबा-पेरूची नावं आणि 'कम', 'गो', 'सिट डाउन' एवढी माझी शिदोरी. आई आतून विचारायची, "काय म्हन्तोय गं त्यो?" मला काय कळणार? पण आईनं विचारल्यावर 'ठाऊक नाही' म्हणायचं माझ्या जिवावर यायचं. मी शाळा शिकणारी, ती अंगठा उठवणारी. तिला वाटायचं, पोरीला सगळं कळतं. मग मी चित्राकडं बघून सांगायला लागले. तांबडा पुढं आला की म्हणायचे, "त्यो म्हन्तोय, मागं सर." निळा हात वर करायचा, मी म्हणायचे, "त्यो म्हन्तोय, न्हाई सरायचा, काय करशील?" आई आतून म्हणायची, "आसं पायजे." हळूहळू मी आवाज बदलायला लागले. तांबड्यांच्या म्होरक्याला जाड, घोगरा आवाज, निळ्यांच्या म्होरक्याला दादांचा, सावकाश आणि नीट. त्यांची खरी नावं इंग्रजी होती, ती धड ऐकूही येत नसत. आम्ही एकाला तांब्या म्हणायचो आणि दुसऱ्याला निळू. माझा लहान भाऊ मिलिंद टीव्हीचा आवाजच बंद करून टाकायचा. म्हणायचा, "त्यान्ला काय बोलायचं त्ये ताई बोलंल."

अजूनही मला टीव्हीपुढं गप्प बसता येत नाही. इंग्रजी सिनेमा लागला की तोंड आपोआप सुरू होतं. नवरा हात जोडतो, म्हणतो, "अगो बाई, मला इंग्रजी येतं, ऐकू दे." ज्यांना येतं त्यांच्यासाठी मी कधी बोललेच नव्हते, हे त्याला कसं सांगू?

त्या मालिकेची गोष्ट मला जशी कळली तशी सांगते. आकाशात कुठं तरी लांब एक जग होतं, तिथं माणूस नव्हता, झाड नव्हतं. सगळी लोखंडी माणसं, चालणारी, बोलणारी, रागावणारी. कुणी तरी कधी काळी ती घडवली आणि घडवणारे मरून गेले. मागं राहिल्या दोन जमाती, एक निळी, एक तांबडी. मधोमध एक चकाकणारं तळं होतं, त्याच्या काठावर तांबड्यांचा पहारा. निळे जवळ आले की लढाई. एका रविवारी मिलिंदनं आवाज बंद करायच्या आधी त्यांच्या बोलण्यात मला एक शब्द ओळखीचा वाटला, 'लेक'. आमच्या पुस्तकात होता तो, लेक म्हणजे तळं. मी उडालेच. मग मला सगळं कळलं. तळ्यात तेल आहे, हे लोक तेल पितात आणि तांबडे निळ्यांना पिऊ देत नाहीत. यात न कळण्यासारखं काय होतं? महाडच्या तळ्याची गोष्ट आमच्या वस्तीत दूध सुटायच्या आधी पोरांना सांगितली जायची. वर त्या बाहेर ठेवलेल्या फौजेचा रंग आमच्या झेंड्याचा. चित्र काढणाऱ्या परदेशी माणसाला आमचा झेंडा कुठून ठाऊक असणार, हा विचार मला शिवलाही नाही. मी आईला आत जाऊन सांगितलं, "आई, निळे आपले हायेत." आई वाती वळता वळता थांबली. म्हणाली, "मंग पुढं नीट बघ. काय व्हतंय त्ये मला सांग."

वस्तीतली पोरं तर येतच होती. ओढ्यापलीकडून पहिली आली मंगल. ती तात्यांची नात, माझ्याच वर्गात. घरच्या टीव्हीवर कोण कुणाचं ते तिला कळेना, म्हणून तिनं मला शाळेत विचारलं, मी सांगितलं आणि पुढच्या रविवारी ती दारात उभी. आधी उंबऱ्याबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत मिलिंदच्या शेजारी. तिच्या मागोमाग तिची चुलतभावंडं, मग कुंभारांची दोन, मग शाळेतली आणखी सात-आठ. एका खोलीत तीस-पस्तीस पोरं, आणि दादा दाराशी चपलांचे जोड लावत बसलेले. मी पुढं, टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकून. मी हसवलं की सगळी हसायची आणि मी गप्प झाले की श्वाससुद्धा ऐकू यायचे. वर्गात मी शेवटच्या ओळीत बसणारी मुलगी. रविवारचा तो अर्धा तास मात्र माझा असायचा.

त्याच सुमारास ते भाग आले, ज्यांत दोन्ही फौजा तळ्याकाठी समोरासमोर येतात. पहिला भाग संपला तेव्हा निळू एकटाच तळ्याकडं चालत निघाला होता, तांब्यानं हत्यार रोखलं होतं, आणि चित्र तिथंच थांबलं. पोरांनी एकच गिल्ला केला. आईनं प्रत्येकाच्या हातावर शेंगोळ्या ठेवल्या. मंगलला तिखटाची सवय नव्हती. तिचे डोळे भरून आले, ती फू फू करत उठली, कोपऱ्यातल्या आमच्या माठात लोटा बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायली. घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. दारातल्या एका पोरानं पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं.

इथं आईच्या कामाविषयी सांगायला हवं. आई आणि वस्तीतल्या दहा-अकरा बाया तात्यांच्या रानात कांद्याला जायच्या. तात्या वाईट माणूस नव्हते. कुणी आजारी पडलं तर बैलगाडी जुंपून द्यायचे, लग्नकार्याला धान्य पाठवायचे. पण त्यांच्या बांधावर लिंबाखाली पाण्याचा रांजण होता आणि त्याला आमच्या बायांचा हात लागायचा नाही. तहान लागली की ओंजळ धरून बसायचं, घरातलं कुणी तरी येऊन वरून पाणी ओतणार. कुणी आलं नाही तर तशीच तहान मारायची. हे इतकं रोजचं होतं की आई घरी येऊन याबद्दल कधी बोललीसुद्धा नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी तात्या वस्तीत आले. बरोबर गावातली दोन माणसं. दादा नुकतेच कामावरून आले होते, पाय धूत होते. त्यांनी लगबगीनं बाज टाकली, पण तात्या उभेच राहिले.

"किसन," तात्या म्हणाले, "पोरं टीव्हीपायी येडी झाल्यात. कुनाकुनाला हिकडं पाठवायचं? तू आसं कर, रविवारी टीव्ही पारावर आनून ठेव. वायरची सोय आमी करतो. समदं गाव बघंल."

दादांनी हात पुसले. "आमची पोरं?" त्यांनी हळूच विचारलं.

"ती बी बसतील की. कडंनं."

दादा कोरडे झालेले हात पुन्हा पुसत राहिले. मला त्यांचा राग आला, कारण ते 'हो' म्हणणार असं मला वाटलं. तेवढ्यात आई आतून दारात आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"तात्या, टीव्ही हलनार न्हाई," ती म्हणाली. "ज्याला बघायचा हाय त्यानं घरात येऊन बघावा. आमी कुनाला न्हाई म्हनलो न्हाई."

तात्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते माझ्याकडं वळले. आवाज मऊ केला. "बरं, टीव्ही ऱ्हाऊ द्या. टीव्ही माज्याकडं बी हाय. ही पोरगी पाठव. ती लई झ्याक सांगती म्हनं, पोरं तिच्यासाठीच येत्यात."

आता दादा बोलले. "तिला इचारतायसा," ते म्हणाले, "तर तिलाच सांगू द्या."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला एक गोष्ट खरंच कळली नव्हती, म्हणून मी विचारली. "मी कुटं बसू?"

"ओट्यावर बस की," तात्या म्हणाले. "खिडकीतनं समदं दिसतंय."

"मंगल कुटं बसंल?"

तात्यांबरोबरचा एक जण खाकरला. मी म्हणाले, "तुमच्या टीव्हीवर निळा कोन आन् तांबडा कोन त्ये मलाबी कळत न्हाई, तात्या. मंगलला हितंच पाठवा."

मी उद्धटपणा केला असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी खरं तेच सांगितलं होतं. तात्या काठी टेकत निघून गेले. दादांनी बाज उचलून भिंतीला लावली आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेलाचा वास येणारा तो जड हात थोडा वेळ तिथंच राहिला.

रविवारी गावातून कुणी आलं नाही. वस्तीतली पोरं होती, पण खोली मोकळी मोकळी वाटत होती. दादांनी रोजच्यासारखी चपलांची जागा झाडून ठेवली होती, दाराची दोन्ही फळकुटं उघडून त्यांना दगड लावले होते. आईनं शेंगोळ्या नेहमीएवढ्याच केल्या, कमी नाही. सुरुवातीचं संगीत वाजलं, मिलिंदनं आवाज बंद केला, फौजा दिसल्या, मी बोलायला लागले, पण आवाजात जीव नव्हता. मग मागच्या बाजूला घायपाताच्या कुंपणात खसखस झाली आणि मागच्या दारानं, चुलीजवळून, मंगल आत आली. परकर फाटलेला, पायाला काट्याचे ओरखडे. तिच्या मागं तिचे दोन भाऊ, मग कुंभारांची पोरं. आईनं चुलीपुढून पाय आखडून घेतले आणि त्यांना वाट दिली. पाच मिनिटांत अर्धी खोली भरली.

निळू तळ्याच्या काठावर पोचला, आणि खोलीत एकदम अंधारलं. मला वाटलं वीज गेली. पण चित्र तर चालूच होतं. पुढच्या दारात तात्या उभे होते, काठी घेऊन, उंबऱ्याच्या बाहेर. त्यांच्या अंगानं दाराचा सगळा उजेड अडवला होता. मंगल मिलिंदच्या मागं दडली. दादा चपलांशी बसले होते ते उठून उभे राहिले. मी गप्प झाले. पडद्यावर लोखंडी तोंडं हलत होती आणि खोलीत स्टॅबिलायझरची गुणगुण सोडली तर काही ऐकू येत नव्हतं.

"थांबलीस का?" आई आतून म्हणाली. "बोल की गं. काय म्हन्तोय त्यो?"

मी बोलले. त्या दिवशी मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"निळू म्हन्तोय, ह्ये तळं कुनी खांदलं? आमी बी खांदलं, तुमी बी खांदलं. मंग तेल एकट्या तुमचं कसं?" मग घोगरा आवाज काढून, "तांब्या म्हन्तोय, तुमचा हात लागला की तेल बाटतंय." मग पुन्हा दादांचा सावकाश आवाज, "निळू म्हन्तोय, तुजं बी लोखंड, माजं बी लोखंड. एकाच भट्टीतलं. हात लावून बघ, गार लागतंय का येगळं कायतरी?"

पडद्यावर निळू एक एक पाऊल पुढं जात होता. तांब्या हत्यार खाली करत होता. पोरं डोळे फाडून बघत होती. मी बोलायची थांबले, कारण आता पुढं काय म्हणवावं ते मला सुचत नव्हतं. आणि दारातून आवाज आला, "मंग त्यो तांबडा काय म्हन्ला?"

तात्यांनी विचारलं होतं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं, त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काय म्हननार?" मी म्हणाले. "गप बसलाय."

मिलिंदच्या मागून मंगलनं डोकं वर काढलं. "पन त्याचं त्वांड हालतंय की गं."

"त्वांड हालतंय," मी म्हणाले, "पन बोलायला काय ऱ्हायलं न्हाई त्याच्याकडं."

पोरं हसली नाहीत. आतून आईचा मात्र एक हुंकार आला, समाधानाचा. पडद्यावर निळूनं वाकून तळ्यात हात घातला. सगळीकडं पांढरा उजेड पसरला, आणि भाग संपला. तात्या शेवटपर्यंत उभे होते, चपला न काढता. मग त्यांनी "मंगल, चल" एवढंच म्हटलं. ती उठली, आणि ते तिला घेऊन गेले. तिला मारलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं. वाटेत फक्त विचारलं म्हणे, "ही पोरगी कितवीत हाय?"

चार-पाच वर्षांपूर्वी मिलिंदच्या मुलानं तो भाग मोबाईलवर शोधून काढला आणि मला दाखवला. आता मला इंग्रजी येतं. नगरच्या एका कॉलेजात मी ते वीस वर्षं शिकवलं. कान देऊन ऐकलं आणि थक्क झाले. त्या तळ्यातलं काही कुणी पीत नव्हतं. तळं म्हणजे त्या जगाचा ऊर्जेचा साठा होता, आणि निळे होते खलनायक. निळूनं तळ्यात हात घातला तो सुरुंग लावायला. बिचारा तांब्या जीव तोडून ओरडत होता, "मागं सरा, सगळे मरतील!" त्याचंच तोंड हलत होतं. मी खूप हसले. भाच्याला खरी हकिकत सांगितली, तर तो म्हणाला, "म्हणजे आत्या, तू सगळं चुकीचं सांगितलंस." मी म्हणाले, "गोष्ट चुकली असंल. मी चुकले नव्हते."

तात्या दारात आले त्या रविवारनंतरच्या सोमवारी आई आणि बाकीच्या बाया इळे घेऊन रानात गेल्या आणि तासाभरात परत आल्या. तात्यांच्या सुनेनं बांधावरच सांगितलं होतं, "पारू, तुला नगं म्हनलेत. बाकीच्या या." आई वळली आणि चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही. ओढ्यापाशी आल्यावर तिला पावलं ऐकू आली, तेव्हा तिनं वळून पाहिलं तर द्रुपदाकाकू, आमची शेजारीण, आणि तिच्यामागं सगळ्याच. आधी कुणी काही ठरवलं नव्हतं. द्रुपदाकाकू म्हणाली, "तू न्हाईस तर वळीत पुढं कोन ऱ्हाईल? आमाला कुटं तुज्यासारका हात हाय." आईला त्या दिवशी मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. रडत होती आणि चूल फुंकत होती, म्हणजे कुणी विचारलं तर धुरावर ढकलता यावं.

पुढचे दोन आठवडे बाया भल्या पहाटे उठून दोन गावं पलीकडं कामाला चालत जायच्या. आईच्या टाचा फुटल्या. घरी हुलग्याचं पातळ माडगं आणि भाकरी, रविवारीसुद्धा. दादा एकदा म्हणाले, "मी जाऊन बोलू का तात्यांशी?" आई म्हणाली, "तुमी टीव्ही आनताना पारावरनं आनला, मला ठावं हाय. आता मागच्या वाटंनं जाऊ नका." दुसऱ्या दिवशी गावातून जाताना दादा सायकलवरून उतरले नाहीत. मी मागं कॅरिअरवर बसले होते. पारावरची माणसं बघत होती, दादा पायडल मारत राहिले, आणि मला त्यांची पाठ कधी नव्हे एवढी रुंद वाटली.

तिकडं तात्यांच्या कांद्याच्या माना मोडून पडल्या होत्या, म्हणजे तो काढणीला आला होता, पात वाळत होती आणि आभाळ रोज दुपारी भरून यायला लागलं होतं. घरच्या बाया, पोरं, सगळी रानात उतरली. मंगल शाळेत यायची बंद झाली. आली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड होते. एवढं रान त्यांच्यानं उरकणारं नव्हतं. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती थेट आमच्या घरी आली. आई दारात ज्वारी निवडत होती.

"काकू, तात्यांनी समद्यांना बोलावलंय. उद्यापास्नं."

"समद्यांना म्हंजी?"

"तुमाला बी. तुमाला आदी म्हनलेत."

आईनं सुपातला एक खडा वेचला, लांब टाकला. "यीन म्हनावं. पन पानी आमी आमच्या हातानं घिऊ. रांजनातनं. ह्ये आदी इचारून ये."

मंगल पळाली. ओढा ओलांडून वर जाताना ती दिसत होती. मी आणि मिलिंद दारात उभे. अर्ध्या तासानं ती धापा टाकत परत आली.

"काय म्हन्ले?" मी विचारलं.

"काय बोलले न्हाईत," मंगल म्हणाली. "लई येळ बसून ऱ्हायले. मंग मान हालवली."

"कशी हालवली? व्हय म्हनून का न्हाई म्हनून?"

"व्हय म्हनून."

शनिवारी सकाळची शाळा होती. मी दप्तर घेऊन निघाले आणि ओढ्यापासून वळून बायांच्या मागं रानात गेले, बांधाच्या आडोशाला बसले. बाया वळीनं बसल्या, आई पुढं. कांदा उपटायचा, माती झटकायची, पात कापायची, टोपलीत टाकायचा. इळ्यांचा करकर आवाज येत होता आणि हवेत कच्च्या कांद्याचा उग्र वास. तात्या लिंबाखाली घोंगडीवर बसले होते. ऊन चढलं. आईनं इळा मातीत रोवला, उठली, कमरेला खोचलेला पदर सोडला. सगळ्या बायांचे हात थांबले. ती सावकाश चालत रांजणापाशी गेली. तिनं आधी बाजूच्या, गुरांना पाणी पाजायच्या डोणीत हात धुतले, कोपरापर्यंत. मग झाकण काढलं, पितळी लोटा रांजणात बुडवला आणि उभ्यानं, तोंड वर करून पाणी प्यायली. तात्या बघत होते. त्यांनी मान फिरवली नाही. आईनं दुसरा लोटा भरून द्रुपदाकाकूला दिला, तिनं पुढच्या बाईला. मग आई आपल्या जागी येऊन बसली आणि तिनं मला पाहिलं.

"तू हितं काय करतीस गं? साळा न्हाई व्हय?"

मी उठून पळाले. बांधाच्या टोकावर जाऊन एकदा मागं वळून पाहिलं. आईच्या हनुवटीवरून पाण्याचा ओघळ गळ्यापर्यंत आला होता, उन्हात चमकत होता, आणि तिनं तो पुसला नव्हता.